ज्याच्यावरून कलम उचलले गेले

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने माणसाला बुद्धी दिली, बुद्धीच्या प्रमाणात त्याचा हिशेब ठेवला आणि ज्याची बुद्धी झाकली गेली त्याला आपल्या दयेच्या छायेत घेतले. दरूद व सलाम असो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर व सहाबांवर.



मागील पावसाळ्यातील गोष्ट आहे. असरची नमाज झाली आणि एक वयस्क माता मशिदीच्या पायऱ्यांशी थांबलेली दिसली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलेच हे गाव. त्याचे नाव मी सांगत नाही, कारण त्या घराचा पडदा राखणे माझे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी आजाराच्या भरात तिच्या मुलाच्या हातून त्याच्या सख्ख्या चुलत्याचा जीव गेला. कृत्य त्याच्याच हातून घडले असे न्यायालयाने मानले. परंतु त्या क्षणी आपण काय करीत आहोत याचे भान त्याला नव्हते, म्हणून त्याला निर्दोष ठरवले आणि सुरक्षित ठिकाणी उपचारासाठी ठेवण्याचा आदेश दिला. आता डॉक्टरांचे मत अनुकूल झाले होते. आप्तांपैकी कोणी अर्ज करून हमी दिली, तर त्याला घरी आणणे शक्य होते. त्या मातेने हातातले कागद माझ्यापुढे धरले आणि एवढेच विचारले, "मौलाना, मी सही करू का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतल्या दुसऱ्या दाराशी गेलो. मृत चुलत्याची विधवा तेथे राहते. पडद्याआडून ती म्हणाली, "त्याला फाशी व्हावी असे मी कधीच म्हटले नाही. माझ्या मांडीवर वाढलेला पोरगा आहे तो. पण तो परत आला तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, एवढे मला सांगा. 'अल्लाह मालिक आहे' असे म्हणून जाऊ नका. त्या दिवसाआधीही सगळे तेच म्हणत होते."

वाचकहो, त्या 'सगळ्यां'मध्ये मीही होतो. तो तरुण रात्री जागतो, भिंतीशी बोलतो, कोणी आपल्याला विष घालणार असे म्हणतो, हे त्याच्या आईने मला त्या घटनेपूर्वी सांगितले होते. मी आयती पढून फुंकर घातली, पाणी दिले आणि निश्चिंत झालो. दुआ केली हे चुकले नाही. दुआ करून डॉक्टरांकडे पाठवले नाही, हे चुकले. म्हणून आज जे लिहीत आहे ते उंच मिंबरावरून नव्हे, तुमच्या रांगेत उभे राहून लिहीत आहे.

'जोपर्यंत' या शब्दाचे वजन

प्रेषित (स.) यांची एक प्रसिद्ध हदीस अबू दाऊद, तिर्मिजी आदी संग्रहांत आली आहे. तिचा आशय असा की तिघांवरून हिशेबाचे कलम उचलले गेले आहे: झोपलेल्यावरून तो जागा होईपर्यंत, बालकावरून ते वयात येईपर्यंत आणि बुद्धी हरपलेल्यावरून त्याची बुद्धी परत येईपर्यंत. मराठीत 'कलम' म्हणजे लेखणी आणि कायद्याचे कलमही. दोन्ही अर्थांनी ही हदीस न्यायशास्त्राचा पाया आहे.

हा पाया पुस्तकातच राहिला नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत एका वेडसर स्त्रीला गंभीर गुन्ह्यासाठी आणले गेले व शिक्षेचा हुकूमही झाला. वाटेत हजरत अली (रजि.) यांनी तिला ओळखले, लोकांना परत फिरवले आणि अमीरुल मोमिनीन यांना याच हदीसचे स्मरण दिले. हजरत उमर (रजि.) यांनी तत्काळ मान्य केले, तिला सोडून दिले आणि ते तकबीर म्हणू लागले. आपला हुकूम चुकला हे कळल्यावर खलीफा लज्जित न होता अल्लाहची थोरवी गातो, हे दृश्य प्रत्येक न्यायाधीशाने व प्रत्येक पंचाने डोळ्यांपुढे ठेवावे. त्याआधी स्वतः प्रेषित (स.) यांच्यापुढे एकाने आपल्या अपराधाची कबुली दिली, तेव्हा त्यांनी प्रथम त्याच्या लोकांकडे चौकशी करविली की याच्या बुद्धीत काही बिघाड तर नाही ना. म्हणजे कबुली समोर असतानाही मनाची तपासणी आधी.

आपण ही हदीस नेहमी अर्धीच वाचतो. 'कलम उचलले गेले' येथे थांबतो. पण तिच्या तिन्ही भागांत 'जोपर्यंत' आहे. झोपलेल्याला कोणीतरी जागे करायचे असते, बालकाला कोणीतरी वाढवायचे असते. तसेच ज्याची बुद्धी झाकली गेली आहे, त्याच्यापाशी ती परत येईपर्यंत कोणीतरी बसायचे असते. हिशेब थांबला, पण निगराणी सुरू झाली. जो या काळात त्याला शिक्षा करतो तो जुलूम करतो. जो या काळात त्याला वाऱ्यावर सोडतो, तोही जुलूमच करतो. कधी त्याच्यावर, कधी शेजाऱ्यावर.

देशाचा कायदा काय म्हणतो

१८४३ साली लंडनमध्ये मॅक्नॉटन नावाच्या इसमाच्या खटल्यातून इंग्रजी कायद्याने या विषयाचे नियम बांधले. त्यांच्याच धर्तीवर १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८४ आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हाच नियम तिच्या कलम २२ मध्ये आहे. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे ज्याला कृत्याचे स्वरूप कळत नव्हते, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे कळत नव्हते, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही. मात्र केवळ आजाराचा कागद दाखवून सुटका होत नाही. त्या वेळी भान नव्हते हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो.

आपल्याच महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाचा खटला या विषयात वारंवार उद्धृत होतो. १९९४ साली त्याने वाटणाच्या दगडाने आपल्या पत्नीची हत्या केली. नोकरी सोडण्याच्या त्याच्या विचाराला तिचा विरोध होता, याहून मोठे कारण समोर आले नाही. दिवसाढवळ्या घडलेले हे कृत्य त्याने लपवले नाही, तो पळालाही नाही. त्याच्या वडिलांनाही मनाचा आजार होता आणि त्याच्यावर स्वतःवर घटनेपूर्वी व नंतर स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते. खालच्या न्यायालयाने व उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरले. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व एकत्र पाहून त्याला कलम ८४ चा लाभ दिला. निवाडा न्याय्य आहे. पण क्षणभर थांबून विचार करा: घटनेपूर्वीच आजार ठाऊक होता, उपचार सुरू होते, आणि तरीही एक निष्पाप स्त्री त्याच छताखाली एकटी होती. न्यायालय घटनेनंतर येते. घटनेपूर्वीचे न्यायालय म्हणजे घर, शेजार आणि मोहल्ला.

निवाड्यानंतर काय, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ३६७ ते ३७८ याच विषयाची आहेत. त्यांचे सार सांगतो. मनोविकलतेमुळे निर्दोष ठरवताना कृत्य त्या व्यक्तीने केले की नाही, हे न्यायालयाला निकालात स्पष्ट लिहावे लागते. कृत्य तिचे असेल तर तिला तसेच सोडून देता येत नाही: एक तर सुरक्षित अभिरक्षेत ठेवायचे, नाहीतर नातेवाईक किंवा मित्राच्या स्वाधीन करायचे. स्वाधीन करण्यासाठी त्या नातेवाइकाने वा मित्राने अर्ज करून न्यायालयाचे समाधान होईल अशी हमी द्यावी लागते. या हमीत दोन वचने असतात. पहिले, मी याची योग्य काळजी घेईन आणि याला स्वतःस व इतरांस इजा करू देणार नाही. दुसरे, सांगाल त्या वेळी व त्या ठिकाणी याला तपासणीसाठी हजर करीन. जो अभिरक्षेत आहे त्याला सोडल्याने त्याच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका नाही, असे प्रमाणित झाल्यावर राज्य शासन त्याच्या सुटकेचा आदेश देऊ शकते. त्यासाठी एक न्यायिक व दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आयोगही नेमता येतो.

ती माता ज्या कागदावर सही करू का असे विचारत होती, तो हा कागद होता.

निर्दोष ठरूनही विसरलेले

निगराणी आणि विस्मरण यांत फरक आहे. देशाच्या इतिहासात या फरकाची फार मोठी किंमत माणसांनी मोजली आहे. बिहारमधील रुदुल शाह १९६८ साली निर्दोष सुटले आणि १९८२ साली तुरुंगाबाहेर आले. चौदा वर्षे त्यांना आत का ठेवले असे विचारता ते वेडे होते असे सांगण्यात आले, पण त्याला आधार देणारा वैद्यकीय पुरावा नव्हता. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरपाई देवविली. आसाममधील माचांग लालुंग यांना १९५१ साली अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले गेले. १९६७ साली ते बरे असल्याचे कळवण्यात आले, पण त्यांना घरी न पाठवता तुरुंगात पाठवले गेले. खटला चाललाच नाही. २००५ साली ते बाहेर आले तेव्हा ५४ वर्षे गेली होती.

या गोष्टी ऐकून आपण शासनाला दोष देतो आणि तो दोष खराही आहे. पण माझ्या मनात दुसरा प्रश्न येतो. चौदा वर्षांत, चोपन्न वर्षांत, दाराशी जाऊन विचारणारा कोणी का नव्हता? ज्याच्यामागे विचारणारा असतो त्याची फाइल हलते. ज्याच्यामागे कोणी नसतो, त्याच्या नावावर धूळ साचते.

आणि एक तिसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरात चालणाऱ्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळीने बांधलेले होते, म्हणून त्यांना पळता आले नाही. २८ जीव गेले. त्यांना तेथे त्यांच्याच घरच्यांनी आशेने आणून ठेवले होते. साखळी म्हणजे निगराणी नव्हे. साखळी म्हणजे निगराणी करायला कोणी नाही याची कबुली होय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनोरुग्णास कोणत्याही रीतीने साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. शरियतच्या दृष्टीनेही, ज्याच्यावरून अल्लाहने कलम उचलले त्याच्या पायात आपण लोखंड घालावे, हे कोणत्या तोंडाने?

अक्कल आणि आकिला

आता फिक्हकडे वळू. आपण मराठीत सहज वापरतो तो 'अक्कल' हा शब्द अरबी 'अक्ल'. त्याचे मूळ बांधण्यात आहे. उंटाचा पाय ज्या दोरीने बांधतात तिला 'इकाल' म्हणतात. मनाला भरकटण्यापासून रोखून धरते ती अक्ल. 'मजनून' या शब्दाच्या मुळात झाकणे आहे. ज्याच्या बुद्धीवर पडदा पडला तो. मजनूनची बुद्धी अल्लाहने नष्ट केली असे ही भाषा म्हणत नाही, ती झाकली गेली असे म्हणते. पडदा दूर होऊ शकतो.

याच मुळापासून आणखी एक शब्द निघतो: आकिला. चुकून एखाद्याचा जीव गेला तर मृताच्या वारसांना रक्तमूल्य, म्हणजे दियत, देण्याचा आदेश सूरह अन्-निसामध्ये आहे. हे मूल्य अपराध्याच्या ज्या आप्तसमूहाने मिळून द्यायचे, त्याला आकिला म्हणतात. दियतचे उंट मृताच्या वारसांच्या अंगणात नेऊन बांधले जात, म्हणून हे नाव. हनफी फिक्हने मजनूनच्या हातून घडलेल्या हत्येला, ती दिसायला हेतुपुरस्सर असली तरी, चुकीने घडलेल्या हत्येत गणले. त्याच्यावर किसास नाही. पण मृताचे रक्त वाया गेले असेही नाही. दियत त्याच्या आकिलावर येते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ज्याची अक्ल गेली, त्याच्यासाठी आकिला उभी राहते. एका माणसाची दोरी सुटली की दहा माणसांनी ती धरायची. फिक्हच्या इमामांनी या आप्तसमूहावर भार टाकण्याचे कारणही सांगितले आहे: जपणे व सावरणे हे त्यांचे काम होते, त्यात कसूर झाली. म्हणजे दियत ही केवळ भरपाई नाही, ती समूहाच्या गाफीलपणाची जाणीवही आहे.

आपण भारताच्या कायद्याखाली राहतो; शिक्षा व सुटका हा न्यायालयाचा अधिकार आहे आणि तो मान्य करणे आपल्यावर बंधनकारक आहे. पण आकिलाचा आत्मा जिवंत ठेवायला कोणता कायदा अडवतो? उलट देशाचा कायदा जेव्हा 'नातेवाईक किंवा मित्राने' हमी द्यावी असे म्हणतो, तेव्हा तो आपल्यालाच हाक मारत असतो. 'मित्र' या शब्दात मोहल्ला येतो, मशिदीची कमिटी येते, शेजारचा हिंदू बांधवही येतो.

मृताच्या घराचा हक्क

दयेच्या भरात दुसरे घर विसरू नका. 'त्याला कुठे कळत होते, माफ करून टाका' असे विधवेला सांगत फिरणे सोपे आहे. माफी हा तिचा हक्क आहे. तो आपण परस्पर वाटू शकत नाही. कुरआनने दियत सोडून देण्याची मुभा वारसांना दिली, पंचांना नव्हे. खटला निर्दोष मुक्ततेत संपला तरी पीडित कुटुंबाच्या पुनर्वसनासाठी भरपाईची शिफारस न्यायालय करू शकते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये ही तरतूद आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी जाता येते. हे त्या घराला कोणी सांगितले का? आरोपीच्या आईचे कागद मी पाहिले, पण विधवेच्या हक्काचा एकही कागद तोवर कोणी भरला नव्हता.

आपल्यावर काय येते

पहिली गोष्ट, आजार लवकर ओळखा. मनाचा आजार असणारे बहुसंख्य लोक आयुष्यात कोणालाही इजा करीत नाहीत. म्हणून प्रत्येक रुग्णाकडे संशयाने पाहणे हा गुनाह आहे. पण कोणी आवाज ऐकू लागला, कोणी आपल्या जिवावर उठले आहे असे घोकू लागला, झोप हरवली, तर थांबू नका. अल्लाहने असा आजार उतरवलाच नाही ज्याचा उपचार उतरवला नाही, हे प्रेषितवचन मनाच्या आजारालाही लागू आहे. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. शेतकरी आत्महत्यांच्या दुःखातून सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात आशा ताई घरोघरी जातात. त्यांना दारातून परत पाठवू नका. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. दुआ आणि रुकया अवश्य करा, पण औषध बंद करायला सांगणाऱ्या बाबापासून दूर राहा. असे सांगणारा कोणी इमाम असेल, तर त्याच्यापासूनही.

दुसरी गोष्ट, हमीची सही एकट्या आईवर सोडू नका. प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला आहे. येथून सुमारे दीडशे किलोमीटर, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत एका दिवसाची मजुरी बुडवून जाणे सोपे नाही. मोहल्ल्यातील पाच घरांनी पाळी ठरवावी: तारखेला सोबत कोण जाईल, औषध संपण्याआधी कोण आणील, रात्री त्रास वाढला तर कोणाला फोन करायचा. मशिदीच्या फंडातून बसभाडे निघाले तर तो खर्च वाया जाणार नाही.

तिसरी गोष्ट, तपासणीची तारीख चुकवू नका. 'आता तो बरा आहे, कशाला कचेरीत न्यायचे' असे घरच्यांना वाटते. पण तुम्ही न्यायालयाला वचन दिले आहे आणि वचनाबद्दल विचारणा होणार आहे. रुग्णाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. अन्याय वाटला तर त्या मार्गाने जा, तारीख बुडवून नव्हे.

चौथी गोष्ट, जिभेची. सूरह अन्-निसामध्येच, ज्यांची समज कच्ची आहे त्यांच्या हाती संपत्ती सोपवू नका असे सांगताना, त्यांना खाऊ घाला, कपडे द्या आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोला, असा आदेश आहे. पालकत्व, पोषण आणि गोड शब्द, या तिन्ही गोष्टी एकाच आयतमध्ये आहेत. मदीनेत बुद्धीत काही बिघाड असलेल्या एका स्त्रीने प्रेषित (स.) यांच्याकडे आपले काम काढले, तेव्हा ते तिला म्हणाले की तू म्हणशील त्या गल्लीत मी येतो, आणि तिचे म्हणणे संपेपर्यंत ते वाटेवर तिच्याजवळ उभे राहिले. सहीह मुस्लिममध्ये ही हकीकत आहे. आपल्या गल्लीतून असा माणूस जातो तेव्हा पोरे त्याच्यामागे दगड घेऊन धावतात आणि आपण ओट्यावरून हसतो.

शेवटी त्या दोन दारांविषयी. मातेने सही केली. तिच्याबरोबर आणखी तिघांनी न्यायालयात नाव दिले; त्यांतील एक मी आहे. औषधाच्या पाळीचा कागद मशिदीच्या कपाटात आहे. चाचीच्या इच्छेप्रमाणे तो तरुण त्या गल्लीत न राहता मामाकडे राहतो, आणि प्रत्येक तपासणीनंतर डॉक्टरांनी काय सांगितले हे आम्ही तिला जाऊन सांगतो. तिचा भरपाईचा अर्जही दिला आहे. तिने अद्याप त्या मुलाचा सलाम स्वीकारलेला नाही. आम्ही तिला आग्रह करीत नाही. पण मागच्या खेपेला निघताना तिने विचारले, "जेवतो ना नीट?" मी हो म्हणालो.

हे अल्लाह, ज्यांच्या बुद्धीवर पडदा पडला आहे त्यांना शिफा दे. ज्यांनी त्यांच्या हातून आपली माणसे गमावली त्यांना सब्र दे व त्यांचा हक्क मिळवून दे. ज्यांनी हमी दिली त्यांना ती निभावण्याचे बळ दे. आणि आमच्यापैकी जे शुद्धीवर आहेत, ज्यांच्यावर कलम अजून चालू आहे, त्यांना आपल्या हिशेबाची जाणीव दे. आमीन.